चॅरिटी शॉप की परिसरातील गट? ब्रिटनमधील बिऱ्हाड आवरताना

ब्रिटनमधील नोकरीचा करार संपवून पुण्याला किंवा नाशिकला परतणाऱ्या, अथवा तिथल्याच एका शहरातून दुसऱ्या शहरात बिऱ्हाड हलवणाऱ्या मराठी कुटुंबासमोर शेवटच्या दोन महिन्यांत एक प्रश्न हमखास उभा राहतो. चार-पाच वर्षांत साठलेल्या सामानापैकी जे बरोबर न्यायचे नाही आणि विकत बसण्याइतके मोलाचेही नाही, ते द्यावे कोणाला? महाराष्ट्रात अशा वेळी शेजारी, घरकामाला येणाऱ्या मावशी आणि रद्दीवाला मिळून घर आठवड्याभरात रिकामे करतात. ब्रिटनमध्ये मात्र मुख्यतः दोन वाटा उरतात: बाजारपेठेतील चॅरिटी शॉप, म्हणजे धर्मादाय संस्थेने दानात आलेल्या जुन्या वस्तू विकण्यासाठी चालवलेले दुकान, आणि फ्रीगल, फ्रीसायकल किंवा ‘बाय नथिंग’ यांसारखा परिसरातील लोकांचा फुकट देण्याघेण्याचा इंटरनेटवरील गट.

दोन्हीकडे वस्तू फुकटच द्यायची असल्यामुळे कोणतीही वाट धरली तरी चालेल असे वाटते, परंतु त्यांचे काम मुळातच वेगळे आहे. चॅरिटी शॉप वस्तूचे पैसे करते आणि ते पैसे संस्थेच्या कामाला लावते. गट ती वस्तू वापरणाऱ्याच्या हाती देतो, त्यात पैशाचा संबंध येत नाही. त्यामुळे कोणता मार्ग अधिक पुण्याचा या वादात पडण्यापेक्षा प्रत्येक वस्तू हातात घेऊन एवढेच विचारावे, की दुकानात शिरलेला अनोळखी माणूस हिच्यासाठी खिशात हात घालेल का? घालेल असे वाटत असेल तर ती दुकानात द्यावी. कोणी पैसे मोजणार नाही, पण कोणाची तरी गरज भागेल, अशी वस्तू गटावर टाकावी.

चॅरिटी शॉप ही ब्रिटनमधील जुनी आणि पक्की व्यवस्था आहे. १९४२ मध्ये ऑक्सफर्ड येथे स्थापन झालेल्या ऑक्सफॅम या मदतकार्य करणाऱ्या संस्थेने त्याच शहरातील ब्रॉड स्ट्रीटवर १९४० च्या दशकाच्या अखेरीस कायमस्वरूपी दुकान थाटले. आज देशभरात अशी दहा हजारांहून अधिक दुकाने आहेत. पगारी व्यवस्थापक एखाद-दुसरा आणि बाकी बहुतेक स्वयंसेवक, अशी त्यांची रचना असते. दान आलेल्या मालाच्या विक्रीवर मूल्यवर्धित कर लागत नाही आणि दुकानाच्या जागेवरील स्थानिक करात ८० टक्के सूट मिळते. तरीही भाडे, वीज आणि पगार द्यावेच लागतात, त्यामुळे दिलेल्या कोटाची सगळी किंमत कर्करोगाच्या संशोधनाला किंवा दुष्काळग्रस्तांना पोहोचते, असा समज करून घेऊ नये.

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा आणि नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटणारा लाभ म्हणजे गिफ्ट एड. ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्या व्यक्तीने दुकानात एक अर्ज भरून दिला, की तिच्या पिशव्यांवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली जाते आणि त्या वस्तू तिच्या वतीने विकल्या जातात. विक्रीची रक्कम तिने दान केली, की संस्थेला सरकारकडून, तिने भरलेल्या प्राप्तिकरातून, दर पौंडामागे २५ पेन्स अधिक मिळतात. म्हणजे ४० पौंडांच्या विक्रीवर आणखी १० पौंड. देणाऱ्याच्या खिशातून त्यासाठी काहीही जात नाही. मात्र संस्थेने परत मागितलेल्या कराइतका कर त्या वर्षी आपण भरलेला असला पाहिजे, अन्यथा फरक आपल्यालाच भरावा लागतो. वर्षाच्या मध्येच देश सोडणाऱ्यांनी याचा हिशेब आधी करावा. किती विक्री झाली हे संस्था नंतर कळवते, म्हणून अर्जात रिकाम्या होणाऱ्या घराच्या पत्त्याबरोबर ईमेलही लिहावा.

चॅरिटी शॉपची अडचण अशी, की तेथे दान देणाऱ्यालाही नकार मिळतो, आणि त्याला बहुतेक वेळा सबळ कारण असते. सोफा किंवा गादीची खुर्ची १९८८ च्या अग्निसुरक्षा नियमांत बसते हे दाखवणारी, तिच्यावर शिवलेली कायमची चिठ्ठी नसेल, तर दुकाने ती विकायला घेत नाहीत. ही चिठ्ठी टोचते म्हणून पहिल्याच आठवड्यात कापून टाकणारी कुटुंबे थोडी नाहीत, आणि तो चांगला सोफा मग कोणतेही दुकान घेत नाही. मुलांची गाडीतली आसने आणि सायकलची हेल्मेटे अपघातात सापडली होती की नाही हे कळत नसल्याने नाकारली जातात. उशा, रजया आणि सुऱ्या बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. विजेची उपकरणे तपासून घ्यावी लागतात, म्हणून लहान दुकाने ती टाळतात. हृदयविकारावरील संशोधनासाठी निधी उभारणारी ब्रिटिश हार्ट फाउंडेशन ही संस्था मात्र फर्निचर आणि विजेच्या वस्तू घरून मोफत उचलते. दिवस आधी ठरवून घ्यावा लागतो आणि दारात आल्यावर त्यांचे कर्मचारी वस्तू पाहून नाहीही म्हणू शकतात, हे लक्षात ठेवावे.

कपड्यांबाबत एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. दुकानात न खपलेले कपडे वजनावर घाऊक व्यापाऱ्यांना विकले जातात आणि तेथून घाना, पाकिस्तान, पोलंड अशा देशांत जातात. वापरण्याजोग्या जुन्या कपड्यांच्या आयातीवर भारतात निर्बंध असल्यामुळे काही माल फाडून, चिंध्यांच्या रूपात पानिपतला पोहोचतो आणि तेथे त्याचा पुन्हा धागा होऊन घोंगड्या विणल्या जातात. यात गैर काही नाही, परंतु आपला शर्ट गल्लीतल्याच कोणा गरजूच्या अंगावर असेल ही कल्पना मनातून काढून टाकलेली बरी.

गटांचा इतिहास अलीकडचा आहे. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात टूसॉन येथे २००३ मध्ये फ्रीसायकल सुरू झाले. त्याच्या ब्रिटनमधील काही स्वयंसेवकांनी २००९ मध्ये वेगळे होऊन फ्रीगल स्थापन केले. ‘बाय नथिंग’ची सुरुवात २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातून झाली. वस्तूचे छायाचित्र आणि चार ओळी टाकायच्या, आलेल्या उत्तरांतून एकाला निवडायचे आणि तो दारातून वस्तू घेऊन जातो. पहिल्या उत्तरालाच वस्तू दिली पाहिजे असे बंधन नाही. किंबहुना ‘अजून आहे का?’ एवढेच विचारणाऱ्यापेक्षा कधी येणार, गाडी आहे का, हे नीट लिहिणाऱ्याला निवडणे शहाणपणाचे ठरते.

गटांचे बळ दुकान जे नाकारते त्यातच आहे. अर्धा वापरलेला रंगाचा डबा, पडद्यांच्या दांड्या, घर बदलण्याचे पुठ्ठ्याचे खोके, एक पाय डगमगणारे टेबल, मागच्या भाडेकरूने सोडून दिलेली कुंडी, या सगळ्यांना तेथे घेणारा भेटतो, फक्त दोष लपवू नये. चिठ्ठी नसलेला सोफाही खासगी व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीला फुकट देऊ शकते, कारण तो नियम व्यवसायाला लागू आहे. तरी घेणाऱ्याला चिठ्ठी नसल्याचे आधी सांगावे. गाडीतले आसन मात्र अनोळखी माणसाला देऊच नये, असे माझे मत आहे.

याची किंमत आपण वेळाने मोजतो. सायंकाळी सहाला येतो म्हणणारा येत नाही, दुसऱ्याला विचारावे तर तोवर त्याने अन्यत्र सोय केलेली असते. एका टोस्टरसाठी डझनभर निरोपांची देवाणघेवाण करणे कोणाला आवडेल? शिवाय अनोळखी माणूस घराशी येतो, म्हणून पत्ता गटावर न टाकता निवडलेल्यालाच कळवावा आणि वस्तू दाराबाहेर ठेवावी. घेतलेली वस्तू पुढे कोणी विकली तर ते रोखण्याचा उपाय आपल्या हाती नाही, आणि माझ्या मते त्यात मन अडकवू नये.

आपल्या घरातील काही वस्तू मात्र या दोन्ही साच्यांत नीट बसत नाहीत. इडलीपात्र, स्टीलचे डबे, पोळपाट-लाटणे किंवा पुरणयंत्र चॅरिटी शॉपच्या फळीवर ठेवले, तर ते काय आहे हेच बहुतेक गिऱ्हाइकांना कळत नाही. भरजरी साडीची किंमत लावणारा स्वयंसेवकही विरळाच. दक्षिण आशियाई वस्ती असलेल्या लेस्टर किंवा हॅरोसारख्या ठिकाणी परिस्थिती बरी, पण लहान गावात पैठणी हस्तकलेसाठी लागणारे नुसते कापड म्हणून खपण्याची शक्यता अधिक. अशा वस्तूंसाठी मराठी किंवा भारतीय कुटुंबांचा व्हॉट्सॲप गट दोन्हींपेक्षा सरस ठरतो, कारण तेथे वस्तूची ओळख करून द्यावी लागत नाही आणि सप्टेंबरात शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना कुकर हवाच असतो. मराठी पुस्तकांबाबतही आधी जवळच्या मराठी मंडळाला विचारावे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे आणि इतर शहरांतही मंडळे आहेत.

निघण्याची तारीख जवळ असेल तर क्रम महत्त्वाचा ठरतो. पलंग, कपाट, सोफा यांची उचल आणि गटावरील जाहिरात किमान महिनाभर आधी सुरू करावी, कारण त्यांचाच वेळ लागतो. कपडे, पुस्तके, काचेची भांडी, खेळणी या धुतलेल्या आणि धड वस्तूंच्या पिशव्या शेवटच्या आठवड्यातही दुकानात देता येतात. जाण्यापूर्वी फोन करावा, कारण साठवणीची खोली भरली की दुकाने दान घेणे थांबवतात. बंद दुकानाच्या दारात पिशव्या ठेवून जाणे हा उघड्यावर कचरा टाकण्याचा प्रकार मानला जातो. घरात सामान सोडून किल्ली दिली तर घरमालक ते हलवण्याचा खर्च अनामत रकमेतून मागू शकतो. म्हणून मोठ्या वस्तू कोणीच न घेतल्यास त्या उचलण्यासाठी कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक नगरपालिकेचा, दिवस आधीच राखून ठेवावा, आणि ‘सगळे स्वस्तात नेतो’ म्हणणाऱ्या व्हॅनवाल्याकडे कचरा वाहण्याचा परवाना आहे का ते पाहावे, कारण त्याने तो माल रस्त्याकडेला टाकला तर चौकशी तुमच्यापर्यंत येते.