हिरडीतून रक्त येतंय: घरी पंधरा दिवस बघावं की लगेच दंतवैद्याकडे न्यावं?

गेल्या मे महिन्यात माझी सात वर्षांची लेक तांदळाच्या भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन नुसती बसून राहिली. चावेना, गिळेना. उजेडात नेऊन तोंड बघितलं तर खालच्या पुढच्या दातांची हिरडी लालभडक, सुजून दातावर चढलेली आणि कडेला पिवळट थर. "ब्रश लागला की रक्त येतं, म्हणून मी तिथं घासतच नाही," ती म्हणाली. महिनाभर तिनं तसंच काढलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "मीठ-हळद लाव, दुधाचे दात आहेत, पडायचेच आहेत." नवऱ्याचं म्हणणं, उद्याच चिपळूणला जाऊ. आम्ही गुहागरकडचे, एसटीनं जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. तुमच्याही घरी हाच पेच असेल, म्हणून दोन्ही बाजू मांडते.

आधी एक गोष्ट. खालचे पुढचे दात सहा-सात वर्षांतच पक्के येतात, म्हणजे जे दुधाचे समजून आम्ही बोलत होतो ते दुधाचे नव्हतेच. आणि दुधाच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. एवढी वर्षं त्यांच्यावरच मूल जेवतं.

घरी थांबण्याच्या बाजूनं भक्कम कारण आहे. मुलांच्या हिरड्या सुजतात त्या बहुतेक वेळा दात आणि हिरडीच्या सांध्यात साचलेल्या चिकट थरामुळे. तो थर रोज निघाला की सूज उतरते आणि हिरडी पुन्हा पूर्ववत होते. अडचण अशी की रक्त दिसलं की घासणं थांबतं, थर वाढतो, रक्त आणखी येतं. म्हणून घरचा उपाय म्हणजे रक्त आलं तरी घासायचं, पण मऊ ब्रशनं. ब्रश तिरका धरून हिरडीच्या कडेवर हलके हलके फिरवायचा. पेस्ट फ्लोराइडची, तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. रात्रीचं घासणं चुकवू नका. आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांच्या हातात असू दे. मी लेकीला मांडीवर आडवी घेऊन घासत असे, डोकं माझ्या पोटाला टेकवून. तसं तोंडातलं सगळं दिसतं.

मिठाच्या कोमट पाण्याची चूळ चालते, पण ज्याला नीट थुंकता येतं त्यालाच. लवंगेचं तेल हिरडीला नको, पोळतं. मशेरी तर मुलांच्या आसपासही नको. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि हिरडी बधिर करून दुखणं झाकते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, तरी आजीच्या डबीतली मशेरी नातवाच्या बोटाला लागतेच. या एका बाबतीत घरात वाईटपणा घ्यावा लागला तर घ्या.

दंतवैद्याकडे जाण्याचं पारडं कधी जड? थर दगडासारखा घट्ट झाला की तो ब्रशनं निघत नाही, खरवडूनच काढावा लागतो. हिरडीवर पांढरी-पिवळी पुळी आली तर बहुधा दाताच्या मुळाशी पू झालेला असतो. ती फुटली की दुखणं थांबतं आणि आई-बाप निर्धास्त होतात. पण आतली घाण तिथंच असते. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, तर त्याच दिवशी निघा.

काही वेळा हिरडी दाताविषयी बोलतच नसते. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्या मुलाची पुढची हिरडी कोरडी पडून सुजते. तिथं नाक आणि घसा तपासावा लागतो. फिटच्या काही औषधांनी हिरडी वाढते. अशा वेळी औषध आपण बंद करायचं नाही, देणाऱ्या डॉक्टरला सांगायचं. मधुमेह असलेल्या मुलांच्या हिरड्या लवकर बिघडतात. मूल सारखं पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय आणि वजन उतरतंय, तर रक्तातली साखर लगेच बघून घ्या. हिरडीतून आपोआप रक्त येतंय, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग आहेत, मूल फिकट पडलंय, तर दंतवैद्याआधी बालरोगतज्ज्ञ आणि रक्ततपासणी. हे क्वचित असतं, पण थांबायचं नसतं. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या कमतरतेनंही हिरड्या सुजून रक्ताळतात. आपल्याकडे काजूच्या बोंडांचा हंगामभर सडा पडतो आणि मुलं बिस्किटं खातात, याचं मला फार वाईट वाटतं. पेरू, आवळा, बोंड, काहीही द्या.

लहान मुलाला ताप येऊन सगळीच हिरडी लाल झाली आणि तोंडात फोड आले तर ते बहुधा विषाणूचं असतं. आठवडा-दोन आठवड्यांत जातं. तेव्हा घासण्यापेक्षा पाणी आणि गार पेज पोटात जाणं महत्त्वाचं. लघवी कमी झाली की दवाखाना.

आणि तोंड दुखतंय म्हणजे फक्त तोंडच दुखतंय असं नसतं. माझी लेक भाकरी सोडून चहा-बिस्किटावर आली होती, रात्री कूस बदलत होती, चिडचिड करत होती. आम्ही ते उन्हाळ्यावर घातलं.

आम्ही दोन्ही केलं. रक्त दहाव्या दिवशी थांबलं, पण दातांच्या आतल्या बाजूचा घट्ट थर तसाच होता. तो चिपळूणला काढून घेतला, एका बैठकीत. म्हणून माझं मत: वरची लक्षणं नसतील तर दोन आठवडे नेटानं घासा, तेवढ्यात रक्त थांबलं नाही तर एसटी पकडा.

पैशांची चणचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. दात तपासणं त्यात आहे आणि पुढचे उपचारही मोफत. शाळा सुरू झाल्यावर बाईंना तारीख विचारून ठेवा. ग्रामीण रुग्णालयात जाणार असाल तर दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात ते आधी फोन करून विचारा, आणि मुलाला चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी सोबत घ्या.