इंग्रजी ‘व्हॉइस’ची सराव-पुस्तिका: तक्ता उत्तम, ‘ने’ची चौकट चुकीची

दहावीतल्या मुलीच्या सरावासाठी मी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून इंग्रजीच्या ॲक्टिव्ह-पॅसिव्ह व्हॉइसची, म्हणजे कर्त्यापासून सुरू होणारे वाक्य कर्मापासून सुरू करण्याची, एक सराव-पुस्तिका आणली. प्रकाशकाचे नाव येथे देत नाही, कारण अशा पुस्तिका तेथे कितीतरी मिळतात आणि त्यांची मांडणी बरीचशी एकसारखीच असते. महिनाभर रोज एक पान याप्रमाणे आम्ही ती वापरली.

पुस्तिकेतील काळांचा तक्ता खरोखर चांगला आहे. मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप कायम ठेवायचे आणि काळ दाखवण्याचे काम ‘टू बी’कडे सोपवायचे, हे एकच सूत्र धरून तो रचलेला आहे, त्यामुळे साध्या काळांत ‘इज’, ‘वॉज’ किंवा ‘विल बी’, चालू काळात त्यांच्या जोडीला ‘बीइंग’ आणि पूर्ण काळात ‘बीन’, हा क्रम पाठांतराशिवाय लक्षात राहतो. ‘दे आर बिल्डिंग अ ब्रिज’चे ‘अ ब्रिज इज बीइंग बिल्ट’ होताना ‘आर’च्या जागी ‘इज’ का येतो, हे ठळक अक्षरांत सांगितले आहे, आणि ते योग्यच आहे. मुले नेमकी तेथेच घसरतात: पूल कर्त्याच्या जागी आला की सहायक क्रियापदाने त्याचे वचन पाळायचे असते, हे विसरून ती मूळ वाक्यातला ‘आर’ जसाच्या तसा उतरवतात. तिसऱ्या रूपांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत, हेही सोयीचे. ‘रीड’चे स्पेलिंग न बदलता ‘रेड’ होते, हे मुलीला या पुस्तिकेमुळेच कळले.

माझी खरी तक्रार आहे ती सातव्या पानावरच्या चौकटीविषयी. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना सोपे जावे म्हणून तेथे असा नियम दिला आहे, की मराठी वाक्यात कर्त्याला ‘ने’ लागला असेल तर त्याचे इंग्रजी पॅसिव्हमध्ये करावे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग आहे, यात शंका नाही; क्रियापद कर्माप्रमाणे चालते, म्हणूनच आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले असे आपण म्हणतो. परंतु इंग्रजीत ते ‘राम एट अ मँगो’ असे सरळ ॲक्टिव्ह वाक्यच होते. इंग्रजी पॅसिव्हशी जुळणारे मराठी रूप ‘आंबा रामाकडून खाल्ला गेला’ हे आहे, ज्याला आपली व्याकरणाची पुस्तके नवीन कर्मणी म्हणतात. शिवाय ‘राम आंबा खातो’ किंवा ‘राम आंबा खाईल’ यांत ‘ने’ येतच नाही. तो मुख्यतः भूतकाळात उगवतो. परिणाम असा झाला, की मुलीची वर्तमान आणि भविष्यकाळाची भाषांतरे बिनचूक येत होती आणि भूतकाळातले प्रत्येक वाक्य ‘वॉज’ आणि ‘बाय’ लावून पालथे होत होते. याचे मूळ त्या चौकटीत आहे, हे समजायला मला आठवडा लागला. प्रयोग आणि व्हॉइस एकच मानण्याची ही चूक शिकवणीतल्या काही शिक्षकांकडूनही ऐकली आहे, पण छापील चौकटीत ती पाहून वाईट वाटले.

उत्तरसूचीही तपासूनच वापरावी लागते. ‘समवन स्टोल माय बायसिकल’चे उत्तर ‘बाय समवन’सह दिले आहे; वास्तविक करणारा कोण हे ठाऊक नसेल तर तो गाळण्यासाठीच पॅसिव्ह वापरायचा असतो. आपणही ‘सायकल चोरीला गेली’ म्हणतो, ‘कोणाकडून तरी’ हे शेपूट जोडत नाही. त्याहून विचित्र म्हणजे बाराही काळांचे पॅसिव्ह करून घेण्याचा अट्टहास. ‘ही हॅज बीन रीडिंग धिस बुक’चे ‘धिस बुक हॅज बीन बीइंग रेड’ असे उत्तर छापले आहे, जे प्रत्यक्ष लिखाणात जवळजवळ आढळत नाही. शालेय सरावाला आठ काळ पुरतात. याउलट ‘शी गेव्ह मी अ पेन’सारख्या दोन कर्मांच्या वाक्यांना, ज्यांची दोन पॅसिव्ह रूपे होऊ शकतात, जेमतेम अर्धे पान मिळाले आहे.

120 रुपयांत तक्ता आणि भरपूर वाक्ये मिळतात, म्हणून धाकट्यासाठी ही पुस्तिका जपून ठेवली आहे. सातव्या पानावरच्या चौकटीवर मात्र कोरा कागद चिकटवून त्यावर रामाची, आंब्याची आणि पोळीची वाक्ये दोन्ही भाषांत लिहिली आहेत.