न्यायिक संरक्षण आणि विभागीय चौकशी: एका ऑनलाइन व्याख्यानमालेचा अभिप्राय

न्यायालयाच्या आस्थापना शाखेत काम करताना विभागीय चौकशीच्या फायली रोज हाताखालून जातात; म्हणून न्यायिक अधिकाऱ्यांचे कायदेशीर संरक्षण आणि शिस्तभंगाची कार्यवाही या विषयावरील चार व्याख्यानांच्या सशुल्क वर्गात मी नाव नोंदवले. एक गंभीर तक्रार मांडायची असल्याने संस्थेचे नाव येथे देत नाही.

पहिले व्याख्यान पुन्हा ऐकावे इतके चांगले आहे. वक्त्यांनी पडद्यावर दोन कागद शेजारी ठेवले: एक जप्तीचा आदेश, दुसरा लिपिकाच्या निलंबनाचा, सही एकाच न्यायाधीशांची, शिक्काही तोच. पहिल्याला 1850 च्या न्यायिक अधिकारी संरक्षण अधिनियमाचा आधार आहे, कारण अधिकारिता आपल्याला आहे अशा सद्भावनेने केलेल्या न्यायिक कृत्याबद्दल, पुढे ती अधिकारिता नव्हती असे ठरले तरीही, दिवाणी दावा चालत नाही. आदेश बजावणाऱ्या बेलिफालाही तेच कलम संरक्षण देते, ही गोष्ट आमच्यातल्या अनेकांना ठाऊकच नसते.

दुसऱ्या व्याख्यानात, दाव्यापासूनचे संरक्षण म्हणजे खातेनिहाय कारवाईपासूनची सुटका नव्हे, हे के. के. धवन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या निकालावरून उत्तम समजावले आहे. केवळ आदेश चुकला म्हणून न्यायाधीशावर दोषारोप ठेवता येत नाही, त्यामागे बाह्य हेतू दिसावा लागतो, हा कृष्ण प्रसाद वर्मा प्रकरणाचा 2019 चा निकालही त्यांनी योग्य जागी आणला. राज्यघटनेच्या अनुच्छेद 235 खालील, कनिष्ठ न्यायालयांवरील उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाला मात्र याहून अधिक वेळ द्यायला हवा होता.

तक्रार तिसऱ्या व्याख्यानाची आहे. न्यायाधीशाने प्रोबेशन अधिकाऱ्याला खालच्या पदावर आणून नंतर कामावरून काढणे हे प्रशासकीय कृत्य असल्याने त्याला न्यायिक संरक्षण नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये फॉरेस्टर विरुद्ध व्हाइट खटल्यात म्हटले. वक्त्यांनी तोच नियम जसाच्या तसा इथे लागू असल्याचे सांगितले. आपल्या 1985 च्या न्यायाधीश संरक्षण अधिनियमाचे कलम 3 मात्र न्यायिक कर्तव्याबरोबर पदीय कर्तव्याचाही उल्लेख करते आणि त्याच कलमाचे दुसरे पोटकलम सरकार व उच्च न्यायालयाचा कारवाईचा अधिकार राखून ठेवते. निलंबित लिपिकाने न्यायाधीशांवर व्यक्तिशः दावा लावायचा, की राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिकेने त्या आदेशालाच आव्हान द्यायचे, हा त्याच्या नोकरीचा प्रश्न असतो. चुकीच्या वाटेने गेल्यास त्याची कित्येक वर्षे वाया जातात. म्हणूनच ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

चौथे व्याख्यान दोषारोपपत्राच्या नमुन्यांचे असून नवख्या कर्मचाऱ्यांना ते उपयोगी पडेल. तिसऱ्यातील दुरुस्तीबद्दल मी संस्थेला लेखी कळवले आहे. ती होईपर्यंत नाव नोंदवणाऱ्यांनी 1985 च्या अधिनियमाचे कलम 3 समोर उघडे ठेवूनच ते व्याख्यान ऐकावे.