ड्रॉपलेट सॉर्टर पावसाळ्यापासून वापरतोय: तक्रार एकच, तेलाची बाटली

हे यंत्र तेलात तरंगणाऱ्या सूक्ष्म थेंबांत पेशी कोंडतं, आणि आतलं एन्झाइम (अभिक्रिया घडवणारं प्रथिन) जितकं जोरात काम करेल तितका थेंब उजळतो; चांगले उजळलेले थेंब ते वेगळे काढतं. रात्री बारा वाजता चालू रन थांबला. तारीख बदलली आणि मशीन वाचतं त्या बाटलीवरच्या टॅगप्रमाणे तेल 'एक्स्पायर' झालं. बाटलीत निम्म्याहून जास्त तेल शिल्लक होतं, तरी मशीन पुढे जाईना. एन्झाइम काही तारीख बघून काम थांबवत नाही. सकाळपर्यंत चांगले-सुमार सगळेच थेंब सारखे उजळले होते, निवडायला काही उरलंच नाही. लायब्ररी, म्हणजे तपासायच्या म्यूटंटांचा (जनुक बदललेल्या रूपांचा) संच, पुन्हा बनवावी लागली.

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: "सर, लायसन्स इश्यू आहे, नवीन बाटली लावा." हे फ्लोरिनेटेड तेल रासायनिकदृष्ट्या जवळजवळ निष्क्रिय असतं, म्हणून तर त्यात पेशी आणि एन्झाइमला त्रास होत नाही. आमच्या स्टोअरच्या काकांनी फोनवरच त्यांना विचारलं, "अहो, दूध नासतं म्हणून त्यावर तारीख असते, हे कशानं नासणार?" त्यावर ईमेल पाठवा म्हणाले. ईमेलला उत्तर म्हणून कोटेशन आलं, तेही वाढीव दराचं. कारण दिलं पीएफएएसचं, म्हणजे निसर्गात सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांचं. थ्रीएम या अमेरिकन कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये या रसायनांचं उत्पादन २०२५ अखेर बंद करण्याचं जाहीर केलं होतं, आणि नोव्हेक ७५०० हे त्यांचं असंच तेल त्यातच मोडतं, हे मला मान्य आहे. पण माल दुर्मिळ होतोय म्हणता, मग अर्धी बाटली फेकायला कशी लावता?

संतापात एक स्टार देणार होतो. मग वही काढून हिशेब केला आणि हात थांबला.

आम्ही बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) बीटा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम सुधारतोय. बगॅसपासून (उसाच्या चिपाडापासून) साखर काढताना शेवटचा टप्पा याच एन्झाइमचा, आणि तयार झालेलं ग्लुकोजच त्याला रोखतं. ग्लुकोज असतानाही चालणारा म्यूटंट आम्हाला हवा आहे. पेशी इतक्या पातळ सोडतो की दर १० थेंबांमागे सरासरी एक पेशी पडावी. पॉयसाँच्या (यादृच्छिक वाटपाच्या) हिशेबाने १००० थेंबांत साधारण ९०५ रिकामे, ९० एका पेशीचे, उरलेले पाचेक गर्दीचे. सुरुवातीला ही नव्वद टक्के रिकामी धाव बघून जीव तुटायचा. पण सेकंदाला १००० थेंब म्हणजे तासाला ३६ लाख, आणि त्यातले सव्वातीन लाख एकपेशी. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटांत हेच करायचं तर जवळपास ३४०० प्लेटा लागतील, आणि वेलमागे १०० मायक्रोलिटर धरलं तर ३२ लिटरच्या वर मिश्रण. इथे २० मायक्रॉनचा थेंब, सुमारे ४ पिकोलिटरचा (पिकोलिटर म्हणजे मायक्रोलिटरचा दहा लाखावा भाग); तासाभराचं सगळं मिळून १५ मायक्रोलिटर. फ्लुओरेसिनवालं सबस्ट्रेट (एन्झाइमने तोडलं की चमकणारं रसायन) काय भावाने मिळतं हे ज्याने बिल भरलंय त्यालाच कळेल. २०१० साली हार्वर्डच्या गटाने १५० मायक्रोलिटरपेक्षा कमी अभिकर्मकांत दहा तासांत दहा कोटी अभिक्रिया तपासल्या होत्या. आता तो आकडा मला अतिशयोक्ती वाटत नाही.

चमकणारा डाय (रंग) फ्लुओरेसिनचाच घ्या. रेसोरुफिन किंवा मिथाइलअंबेलिफेरोन हे दुसरे डाय तेलातून शेजारच्या थेंबात झिरपतात, आणि मग नालायक म्यूटंटही चमकतो.

अजून एक. पावसाळ्यात मशीन सुरळीत चाललं. डिसेंबरात बडोद्याची हवा कोरडी झाली तसे ट्यूबिंगवरच्या स्थिर विद्युतभाराने थेंब एकमेकांत मिसळू लागले. आयोनायझर पंखा लावला आणि त्रास गेला. चिप धाग्या-धुळीने ब्लॉक होते, सगळं फिल्टर करून घ्या, बाकी लेसर आणि इलेक्ट्रोडबद्दल तक्रार नाही.

तर चार स्टार, आणि कापलेला एक पूर्णपणे बाटलीचा. चांगलं यंत्र विकून दर महिन्याला गिऱ्हाइकाचा गळा धरणं मला अजिबात पटत नाही, आमच्यासारख्या छोट्या लॅबच्या बाबतीत तर मुळीच नाही. पीओ (खरेदी ऑर्डर) काढण्याआधी लिहून घ्या: बाहेरचं तेल आणि सर्फॅक्टंट (थेंब एकमेकांत मिसळू न देणारं द्रव्य) चालेल का, तारीख उलटली तर चालू रन पूर्ण होईल का, उरलेल्या तेलाचं काय. तोंडी 'हो'वर जाऊ नका, तोंडी मलाही सगळं 'हो' मिळालं होतं. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) नूतनीकरणावर मी अजून सही केलेली नाही. या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं आल्याशिवाय करणारही नाही.