रिकामा खोका पाठवत नाहीत, भंगार पाठवतात: जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत माझे १६,३५० रुपये कसे गेले

१६,३५० रुपये. कुणा आजोबांनी फोनवर ओटीपी सांगितला आणि खातं रिकामं झालं, अशातली ही गोष्ट नाही. सांगलीत लग्नाचे फोटो काढून घर चालवणाऱ्या माणसाचे हे पैसे आहेत आणि ते गेलेत कॅमेरा घेताना. हसायचं असेल तर हसून घ्या. माझ्या मेहुण्याचं हसून झालंय, अल्बम छापणाऱ्याचं झालंय, पोलीस ठाण्यात तर चहाबरोबर झालंय.

जुने कॅमेरे स्वस्तात का बघत होतो, हे आधी सांगतो, कारण "एवढा हव्यास कशाला" हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतोय. हल्ली प्रीवेडिंगला हरिपूरच्या संगमावर नाहीतर दंडोबाच्या डोंगरावर गेलं की जोडप्यातलं कुणीतरी म्हणतंच, "दादा, चार फोटो रोलवर घ्या ना, ते जुन्यासारखे येतात तसे." नवी डिजिटल बॉडी घ्यायची तर लाख-दीड लाखाची गोष्ट. पेंटॅक्स के१००० सारखा कॅमेरा मात्र काही हजारांत मिळतो, आणि नीट राखलेला असेल तर आजही चालतो. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हे मॉडेल बनत होतं, म्हणजे बाजारात माल भरपूर. फोटोग्राफी शिकणाऱ्या कित्येकांचा हात यावरच बसलाय. रोल आता हजाराच्या घरात जातो, तो धुवायला मी मुंबईला पाठवतो, आणि ३६ फोटोंतला एकही आठवडाभर बघायला मिळत नाही. तरी गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे देतं. हा धंद्याचा हिशोब होता, छंद नव्हता.

मुंबईच्या एका दुकानदाराने सर्व्हिस केलेल्या के१००० चे १४,००० सांगितले होते. महाग वाटले. आज ते स्वस्त वाटतात.

जाहिरात जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर होती. "वडिलांचा साताऱ्यातला स्टुडिओ बंद केला. कॅमेरे जाणकारालाच देणे आहे." फुलाफुलांच्या ऑइलक्लॉथवर तीन कॅमेरे मांडलेले: ५० एमएम लेन्ससह पेंटॅक्स के१०००, त्याचे ७,५००, कॅनन एई-१, ८,०००, याशिका इलेक्ट्रो ३५, ३,५००. एकूण १९,०००. फोनवर माणूस इतका सज्जन बोलला की काय सांगू. "दादा, भंगारवाला किलोवर मागतोय, पण जीव होत नाही. तुमच्यासारख्या फोटोग्राफरकडे गेले तर वडिलांना बरं वाटेल." तिन्ही मिळून १६,००० ला ठरलं. मीच घासाघीस करून तीन हजार पाडले म्हणून दिवसभर खुशीत होतो. भाव पटकन उतरतो तेव्हा सावध व्हा, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

मी साताऱ्याला जायला तयार होतो. लांब काय आहे, सकाळची एसटी धरली तर संध्याकाळपर्यंत परत. पण मी यायचं म्हटलं की त्याचं काहीतरी निघायचं. कधी आईला दवाखान्यात न्यायचं, कधी तो पुण्यात. शेवटी म्हणाला, व्हिडिओ कॉलवर दाखवतो.

आता तो कॉल. हा भाग लिहिताना अजून डोकं तापतं.

त्याने के१००० हातात धरला, रोल पुढे सरकवायचं लिव्हर ओढल्यासारखं केलं आणि बटण दाबलं. आवाज नाही. म्हणाला, "सेल उतरलाय दादा, नवीन टाकला की खटाखट चालतो."

ज्यांना कॅमेऱ्यांतलं कळतं ते इथेच कपाळावर हात मारतील. के१००० चं शटर, म्हणजे रोलवर क्षणभर उजेड पडू देणारा पडदा, पूर्ण यांत्रिक असतं. सेल लागतो तो फक्त आतल्या, उजेड मोजणाऱ्या मीटरच्या काट्याला. सेल काढून फेकून द्या, एक सेकंदापासून हजारांश सेकंदापर्यंतचा प्रत्येक वेग चालायला हवा. सेल नाही म्हणून के१००० चं शटर पडत नाही, असं होतच नाही. ते पडत नसेल तर कॅमेरा बिघडलाय, दुसरं काही नाही. ही माझी ऐकीव माहिती नव्हे, मी पोरांना शिकवतो हे!

मग गप्प का बसलो? एक तर मी तेव्हा हळदीच्या मांडवात होतो, शेजारी डीजे. दुसरं, त्याच्या टेबलावर तीन कॅमेरे होते. एई-१ चं शटर इलेक्ट्रॉनिक, सहा व्होल्टचा सेल नसेल तर तो खरोखरच मुका असतो. इलेक्ट्रो ३५ सुद्धा सेलशिवाय एकाच वेगावर अडकतो. म्हणजे त्याचं वाक्य तिघांपैकी दोघांना लागू होतं. मला वाटलं, वडिलांचा माल आहे, पोराला काय कळतंय, सरसकट बोलतोय. अडाणी समजून मी त्याला सांभाळून घेतलं, आणि तो मला पुरता ओळखून होता. असं वाक्य कानावर आलं तर कॉल तिथेच तोडा, समोरचा कितीही बिचारा वाटू दे.

पैसे असे गेले: आधी टोकन २,०००. मग पॅकिंगचे ३५०. मग त्याने पार्सल बुक केल्याच्या पावतीचा फोटो पाठवला, तिच्यावर माझं नाव, माझा पत्ता, विश्रामबाग, सगळं बरोबर. पावती बघून उरलेले १४,००० टाकले. पावती खोटी नव्हतीच, पार्सलही खोटं नव्हतं. बुकिंग मात्र साताऱ्याचं नव्हे, कऱ्हाडचं होतं. हे मी नंतर, चष्मा लावून वाचलं.

खोका उघडला आणि वास आला. हा वास सांगलीकराला ओळखायला शिकवावा लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तेव्हा मावशीच्या घरातून आम्ही घमेल्या-घमेल्यांनी गाळ काढलाय. तोच वास, तोच मऊ तपकिरी थर रोल बसवायच्या खाचेत. साताऱ्यातला स्टुडिओ म्हणे! सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, तिथे स्टुडिओत नदी कुठून शिरणार? पुरातला भंगार कुणीतरी किलोवर उचलून, वरून पुसून, साताऱ्याच्या नावाने विकत होता.

जाहिरातीतल्या के१००० च्या कपाळावर 'असाही पेंटॅक्स' लिहिलेलं होतं. आलेल्यावर नुसतं 'पेंटॅक्स', म्हणजे नंतरच्या काळातला, दुसराच नग. लिव्हर घट्ट. लेन्समधून टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. एई-१ चं सेलचं दार तुटलेलं, आत हिरवा गंज. आणि इलेक्ट्रो ३५ च्या जागी प्लास्टिकचा कॅमेरा, पूर्वी जत्रेत मिळायचा तसला. मिरजेतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांना दाखवले, त्यांनी उघडून बघायचे ५०० घेतले आणि सांगितलं, "ठेवा शोकेसमध्ये." एका लग्नात रोलवरच्या फोटोंसाठी घेतलेले ५,००० मला परत करावे लागले, ते वेगळेच.

त्याला फोन केला. आवाज तोच गोड. "दादा, जुनी वस्तू आहे, जशी आहे तशी विकली. तुम्ही व्हिडिओवर बघून घेतलीत ना?" त्यानंतर ब्लॉक. जाहिरातीत शेवटची ओळ तीच होती, 'जशी आहे तशी'. हे शब्द दिसले की समजा, तुमच्या तक्रारीचं उत्तर त्याने आधीच लिहून ठेवलंय.

आता पुढचं ऐका, कारण खरा मनस्ताप इथून सुरू झाला.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन लागला, तक्रार नोंदली गेली, क्रमांकही मिळाला. पण पैसे त्याच्या खात्यातून केव्हाच पुढे सरकले होते. तिथे पहिल्या काही तासांत फोन केला तर रक्कम अडकवता येते. माझे मधले दिवस पार्सलची वाट बघण्यात गेले, आणि या लोकांना नेमकं तेच हवं असतं.

मग पोलीस ठाणं. हवालदारसाहेबांचा पहिला प्रश्न, "रोल अजून मिळतो व्हय?" मिळतो म्हटलं. मग त्यांनी स्वतःच्या लग्नाचा अल्बम पुरात कसा गेला ते सांगितलं. वाईट वाटलं, खरंच. पण माझी तक्रार? "माल मिळाला का?" मिळाला, पण साहेब... "मग झालं की! वस्तू पटली नाही म्हणजे फसवणूक नव्हे. हा दिवाणी मामला, कोर्टात जा." फोटोत एक नग आणि खोक्यात दुसरा, हे मी दोन्ही समोर ठेवून दाखवलं. "सगळे सारखेच दिसतात हो. आणि मोबाईलमध्ये एवढे चांगले फोटो येतात आता."

डोक्यात प्रकाश पडला तो तिथे, त्या बाकावर. हे लोक खोक्यात दगड किंवा साबण का भरत नाहीत? दगड आला तर गुन्हा दाखल होतो. भंगार आलं तर 'दिवाणी'. त्या किलोभर भंगारावर त्याने आपली सुटका विकत घेतली होती, आणि ठाण्यातला माणूस त्याच्याच बाजूने युक्तिवाद करत होता, तोही फुकट.

नंतर म्हणाले, आरोपी साताऱ्याचा, साताऱ्याला जा. साताऱ्यात फोन केला तर, पैसे सांगलीतून गेले, सांगलीला जा. हद्दीबाहेरची तक्रारही घ्यावी लागते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलंय. मी प्रिंट काढून नेली. "वकील आहात काय?" नाही. "मग साहेब आले की या." साहेब बंदोबस्ताला. साहेब मीटिंगला. साहेब आत्ताच जेवायला गेले. साहेब मला शेवटपर्यंत दिसले नाहीत.

बँकेत वेगळीच तऱ्हा. "व्यवहार तुम्हीच पिन टाकून केलाय." रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं जे परिपत्रक सगळे पुढे पाठवतात, ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना लागू होतं. आपण होऊन पाठवलेल्या पैशांना नाही. काउंटरवर वाद घालून घसा कोरडा करू नका.

पार्सल ऑफिसने सांगितलं, बुक करणारा सीसीटीव्हीत दिसत असेल, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, गुन्हा दाखल झाल्याशिवाय पत्र नाही. गुन्हा का दाखल नाही? दिवाणी आहे म्हणून. दिवाणी दाव्यात मी कुणाचं नाव घालू? तेच तर पार्सलवाल्याकडून हवं होतं! एवढं होईपर्यंत तिथलं चित्रीकरण पुसलं गेलं. या देशात १६,३५० रुपये परत मागणं हे वेगळं पूर्णवेळ काम आहे, आणि ऐन लग्नसराईत मला ते परवडत नाही. त्यांना हे पक्कं माहीत असतं. रक्कम मुद्दाम एवढीच ठेवतात की माणूस चिडेल, पण धंदा सोडून मागे लागणार नाही.

तरी लागलोय. कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमाखाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवली, पोच आली आहे. ठाण्याने नकार दिला तर तोंडी भांडू नका, हेच करा. खोका उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा. मी काढला होता, म्हणून निदान बोलायला तोंड आहे. आणि के१००० सारखा यांत्रिक कॅमेरा घ्यायचाच असेल तर कॉलवर विकणाऱ्याला चार गोष्टी करायला लावा: सेल काढ, मागचं झाकण उघड, एक सेकंदाच्या वेगावर शटर टाक, शटरचा कापडी पडदा ट्यूबलाइटसमोर धर. पडद्यात छिद्र असेल तर उजेड टिपक्यासारखा दिसतो. बॉडीवरचा नंबर कागदावर लिहून, तो कागद कॅमेऱ्याशेजारी ठेवून फोटो मागा. एवढं करताना ज्याची आई दवाखान्यात जाते, त्याला नमस्कार.

परवा तोच ऑइलक्लॉथ पुन्हा दिसला. नाव वेगळं, गाव सोलापूर, या वेळी 'आजोबांचा स्टुडिओ', तिन्ही मिळून १७,५००. ॲपकडे तक्रार केली तर तासाभरात उत्तर आलं: आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलेलं नाही. फुलाफुलांच्या ऑइलक्लॉथवरचे हे तीन कॅमेरे तुम्हीही घेतले असतील तर लाज बाजूला ठेवा आणि १९३० वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मला कळवा. अधीक्षकांकडे दुसरं पत्र जाणार आहे. एकाच माणसाने दोघा-चौघांना तोच फोटो दाखवून भंगार पाठवलंय, हे कागदावर आलं की 'दिवाणी' म्हणणं त्यांनाही जड जाईल.