भंडारदऱ्याचा तंबूतला मुक्काम : मुलं बरोबर असतील तर

तळ्याकाठी तंबू, शेकोटी आणि बार्बेक्यू आता पवनेपासून भंडारदऱ्यापर्यंत कुठेही मिळतं. मुलं बरोबर असली की मी आधी तीन गोष्टी विचारते. जेवण किती वाजता, संडास किती लांब आणि स्पीकर कधी बंद होतो? शेंडीहून रतनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गावातलंच एक कुटुंब चालवतं ती जागा या तिन्हींत उत्तम निघाली.

आम्ही डिसेंबरात गेलो. आदल्या दिवशी मालकांचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "ताई, पोरं केवढाली आहेत?" धाकटी पाच वर्षांची आहे म्हटल्यावर त्यांनी पाण्यालगतचा तंबू बदलून वरच्या अंगाचा, संडासाजवळचा दिला. धरणाचं पाणी उतरू लागलं की काठाचा निसरडा गाळ उघडा पडतो, पोरं तिकडेच धावतात. शिवाय थंड हवा जड, ती उताराने खाली येऊन पाण्याजवळ साचते. काठावरच्या तंबूचे फोटो सुंदर येतात, पण तुम्ही वरचाच मागा.

मुलांची ताटं सातच्या ठोक्याला आली : वरणभात, वर तूप, बिनतिखटाची बटाट्याची भाजी. मोठ्यांना नंतर पिठलं, ठेचा आणि नागलीची भाकरी. मावशींनी धाकटीला चुलीपासून हातभर लांब पाटावर बसवलं. तव्यावरची भाकरी काढून त्यांनी निखाऱ्यांना टेकवून उभी केली, ती एका कडेने फुगत गेली आणि टम्म झाली. घरी भाकरीला हात न लावणाऱ्या मुलीने ती गुळाबरोबर सगळी संपवली.

रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला कायद्यानेच बंदी आहे, पण ती पाळणारे तळ कमी. इथे शेजारच्या ग्रुपने "अजून दोनच गाणी" म्हणून गळ घातली, तरी दादांनी हसत नाही म्हटलं आणि दिवेही मालवले. मग आकाश दिसलं. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे एका रेषेत, तीच रेषा खाली नेली की व्याध. थोरल्याने तो स्वतः शोधून काढला आणि बहिणीला दाखवला. एवढ्यासाठीसुद्धा मी परत जाईन.

आता उणं. ऊब राहावी म्हणून तळावरच्या पोरांनी तंबूच्या सगळ्या झडपा गच्च लावून दिल्या होत्या. चौघांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते, त्यामुळे पहाटे छत आतून ओलं आणि स्लीपिंग बॅगांची पायाकडची टोकं दमट. वरची जाळी थोडी उघडी ठेवायची, हे तिथल्या लोकांनीच सांगायला हवं. गादीही पातळ आहे. खरी थंडी जमिनीतून येते, म्हणून पांघरूण वाढवण्याआधी खाली जाड सतरंजी किंवा फोमची चटई घाला. आणि सकाळच्या बोटीसाठी लाइफ जॅकेट सगळी मोठ्या मापाची. मुलांच्या खांद्यांवरून ती सरकत होती, म्हणून आम्ही बोट रद्द केली. मुलांची जॅकेटं आणा, असं दादांना स्पष्ट सांगितलं आहे.

आम्हाला माणशी 1200 रुपये पडले, मुलांचे निम्मे. जाताना प्रत्येक मुलाला स्वतःची बॅटरी द्या, अंधाराची भीती अर्धी तिथेच जाते. कानटोपी, मोजे आणि रात्रीचे कपडे वेगळ्या पिशवीत ठेवा, म्हणजे काळोखात अख्खी बॅग उपसावी लागत नाही. औषधं आणि दूध घोटीलाच घ्या. काजव्यांसाठी मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत जायचं असेल, तर सोमवार ते गुरुवार गाठा. शनिवार-रविवारी गाड्यांच्या दिव्यांत काजवे नीट दिसत नाहीत आणि लहान मुलं रांगेत पेंगतात.