पैठणीचा पदर, ९० मिमीची रोडेनस्टॉक आणि जीएफएक्स: टेक्निकल लेन्स मिररलेस मीडियम फॉरमॅटवर कितपत चालतात?

पैठणीचा पदर टेबलावर पसरून तिरक्या कोनातून त्याचे छायाचित्र घ्यायचे, आणि अलीकडच्या काठापासून पलीकडच्या शेवटच्या मोरापर्यंत जरीची तार न् तार स्वच्छ दिसली पाहिजे, असे काम ज्यांनी केले आहे त्यांना नेहमीच्या लेन्सची अडचण वेगळी सांगायला नको. ॲपर्चर एफ/२२ पर्यंत बंद केले तरी पदराची दोन्ही टोके एकदम फोकसमध्ये येत नाहीत, आणि तेवढ्या लहान छिद्रातून प्रकाशाचे विवर्तन होऊन सगळेच चित्र थोडे मऊ पडते. याच कामासाठी गेले वर्षभर मी फुजीफिल्मची जीएफएक्स १००एस ही मिररलेस मीडियम फॉरमॅट बॉडी (आत आरसा नसलेला, नेहमीपेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) कॅम्बो ॲक्टस या बेलोजच्या, म्हणजे घडीच्या भात्याच्या, छोट्या व्ह्यू कॅमेऱ्याला (लेन्स आणि बॉडी वेगवेगळी झुकवता-सरकवता येणाऱ्या चौकटीला) मागून जोडून, पुढे रोडेनस्टॉकची एचआर डिगारॉन-एसडब्ल्यू ९० मिमी एफ/५.६ ही टेक्निकल लेन्स, म्हणजे अशाच कॅमेऱ्यांसाठी बनलेली लेन्स, वापरते आहे. लांब लेन्सच्या टेबलावरच्या कामासाठी ही जोडणी मला उत्कृष्ट वाटते. वाइड लेन्स लावण्याच्या आशेने मात्र कोणीही ती घेऊ नये.

आधी जमेची बाजू सांगते. ऑस्ट्रियाचे थिओडोर शाइम्फ्लूग यांनी १९०४ साली ज्या तत्त्वावर पेटंट घेतले, तेच इथे कामी येते. लेन्स सेन्सरच्या तुलनेत झुकवली की स्पष्टतेचे प्रतलही कलते आणि ते टेबलावरच्या कापडाशी जुळवता येते. हा झुकाव, म्हणजे टिल्ट, फार लागत नाही. लेन्स टेबलापासून एक मीटर वर आणि कॅमेरा तीस अंश खाली वळलेला असेल, तर ९० मिमीला साधारण साडेचार अंश पुरतात. पडद्यावर चित्र मोठे करून आधी दूरचा मोर पाहायचा, मग जवळचा काठ पाहायचा, टिल्टची चकती केसभर फिरवायची आणि पुन्हा दूरच्या मोराकडे जायचे. चार-पाच फेऱ्यांत दोन्ही टोके जुळतात. मग एफ/२२ ची गरज राहत नाही, एफ/८ वर काम भागते. या सेन्सरचा एकेक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असल्यामुळे हा फरक डोळ्यांना लगेच कळतो.

९० सेंटीमीटर रुंदीचे कापड ११,६४८ पिक्सेलांत बसवले की प्रत्येक मिलिमीटरला सुमारे १३ पिक्सेल मिळतात. मी हे चित्र एका विणकर काकांना दाखवले, तेव्हा त्यांनी एका मुनियाच्या चोचीवर बोट ठेवले आणि म्हणाले, ‘इथं हिरवा धागा संपला होता, दुसऱ्या लडीतला घेतला.’ दोन हिरव्यांमधला तो फरक छपाईतही टिकला. या लेन्सबद्दल यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मला नको.

दुसरा मोठा फायदा इमेज सर्कलचा, म्हणजे लेन्स मागे पाडते त्या गोल चित्राच्या आकाराचा. जीएफएक्सचा सेन्सर ४३.८ × ३२.९ मिमीचा, म्हणजे त्याचा कर्ण जेमतेम ५५ मिमी, तर ही लेन्स १२० मिमी व्यासाचे चित्र पाडते. ॲक्टसमध्ये शिफ्ट, म्हणजे बाजूला सरकवण्याची सोय, मागच्या बाजूला असल्याने लेन्स जागची हलत नाही, फक्त बॉडी सरकते. डावीकडे १५ मिमी आणि उजवीकडे १५ मिमी अशी दोन चित्रे घेऊन जोडली की ७३.८ मिमी रुंदीचा सेन्सर असल्यासारखे १७ कोटी पिक्सेलांचे एक चित्र हाती येते. लेन्सची पाहण्याची जागा बदललेली नसते, त्यामुळे सांध्यावर काठाची नक्षी तुटत नाही आणि साडीचा पूर्ण पन्हा दोन्ही काठांसह एका चित्रात मावतो.

आता वाइड लेन्सचे. जीएफएक्सच्या माउंटपासून सेन्सर २६.७ मिमी आत असतो. डिजिटल बॅक (व्ह्यू कॅमेऱ्याच्या मागे लावायचा नुसता सेन्सरचा डबा) मात्र सपाट असते आणि लेन्स तिच्या अगदी जवळ आणता येते. बॉडीची ही खोली, तिच्यापुढे कॅमेऱ्याची चौकट आणि दाबलेल्या बेलोजची जाडी हे सगळे धरले, तर श्नायडरच्या अपो-डिजिटार ३५ एक्सएलसारख्या, सेन्सरला खेटून बसणाऱ्या लेन्सला अनंतावर, म्हणजे खूप दूरच्या वस्तूवर, फोकस करण्याइतकी जागाच उरत नाही. शिवाय अशा लेन्सचे किरण सेन्सरच्या कडांवर फार तिरके पडतात, त्यातून रंगांची झाक येते, आणि शिफ्ट केल्यावर माउंटच्या कड्याची सावलीही कोपऱ्यात उतरते. वाड्याचा चौक किंवा घराच्या आतल्या खोल्या टिपणाऱ्यांनी या वाटेला न जाता फुजीफिल्मच्याच २०२३ सालच्या जीएफ ३० मिमी एफ/५.६ टी/एस लेन्सचा विचार करावा. तिच्यात १५ मिमी शिफ्ट आणि साडेआठ अंशांचा टिल्ट मिळतो. ९० मिमीला, लेन्स सेन्सरपासून दूर असल्यामुळे, रंगाच्या झाकेचा त्रास मला एकदाही झाला नाही. जास्त शिफ्टवर कडा थोड्या काळवंडतात, त्यासाठी लेन्सपुढे दुधी ॲक्रिलिक धरून एक चित्र घ्यावे आणि कॅप्चर वन या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून दुरुस्ती करावी.

बॉडी ॲक्टसला जोडणाऱ्या ॲडॅप्टरवर पैसे वाचवू नयेत, हे मी नुकसान सोसून शिकले. सुरुवातीला ऑनलाइन मागवलेला एक स्वस्त ॲडॅप्टर आतून चकचकीत काळा होता. पांढऱ्या टेबलावर चित्राची डावी बाजू दुधाळ येई, आणि मी दोन दिवस लेन्सलाच दोष देत होते. शेवटी मोबाइलचा टॉर्च आत मारून पाहिला तेव्हा ॲडॅप्टरची भिंत आरशासारखी चमकली. आत काळी मखमल चिकटवल्यावर दुधाळपणा गेला, पण त्याची एक बाजू किंचित तिरकी होती, तिला इलाज नव्हता. सगळे शून्यावर असतानाही चित्राचा उजवा काठ मऊ येत राहिला.

बॉडीच्या मेन्यूत ‘लेन्सविना शटर’ सुरू करावे लागते आणि ट्रायपॉडवर असताना सेन्सरची स्थिरीकरण यंत्रणा बंद ठेवावी लागते. एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटर टाळावे, पट्टे उमटतात. फ्लॅशसाठी बॉडीचे पडदा-शटर १/१२५ सेकंदापर्यंत जुळते. हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेत शटर लेन्समध्येच असते, बॉडीत नसते, त्यामुळे बाहेरची लेन्स लावल्यावर फक्त इलेक्ट्रॉनिक शटर उरते आणि त्यावर स्टुडिओ फ्लॅश चालत नाही. माझ्यासारख्या फ्लॅशवर काम करणाऱ्यांसाठी निवड तिथेच संपते.

बेताचे बजेट असेल तर एन्लार्जरच्या (डार्करूममध्ये नेगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्राच्या) लेन्स जरूर पाहाव्यात. डार्करूम बंद झाल्यावर अडगळीत गेलेली श्नायडर कॉम्पोनॉन-एस १०० मिमी एफ/५.६ ही ६ × ९ सेंटीमीटरच्या नेगेटिव्हसाठी बनलेली आहे, त्यामुळे तिच्यातही शिफ्टला भरपूर जागा मिळते, आणि जवळच्या अंतरावर तिने मला चकित केले. जुनी लेन्स घेताना ती उजेडासमोर तिरकी धरून पाहावी. आतल्या कडेच्या काळ्या रंगावर पांढरे ठिपके असतील तर चित्रात काही बिघडत नाही, पण काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि आपल्याकडच्या एका पावसाळ्यात ती शेजारच्या चांगल्या लेन्सपर्यंतही पोहोचू शकते.